काळ्या झग्याच्या बाहीखाली

आमच्या बुढ्याचा सख्ख्या भावावर भरोसा नव्हता, तर माह्यावर, बायकोवर, कुठून असणार! मोताळ्याच्या बाजारात त्याले सारे कडूबा दलाल म्हणत. धंदा बैलायच्या सौद्याचा. रुमालाखाली हात घालाचा, बोटं दाबून भाव सांगाचा, बाहेर कोणाले पत्ता नाही. जल्मभर रुमालाखालचं पाह्यलेला माणूस, त्याले उघड्यावरचं खरं कसं वाटावं? घरी मी च्यात जास्त साखर टाकली तरी इचारे, "आज काऊन वं इतका गोड?"

पण नातवापुढे तो पार मऊ. लेक अन् सून साथीत गेले, तवापासून इंद्रभानले आम्हीच वाढवलं. महाराष्ट्र झाल्यावर पाच-सात वर्षांनी पोरगं बी.ए. झालं, अन् पदवी घ्याले बुलढाण्याच्या कॉलेजात आम्हालेही संग घेऊन गेलं.

बुढा एस.टी.त बसल्यापासून कुरकुर करून राह्यला होता. "अवं, पोट्ट्यानं नवी लोखंडी पेटी काऊन घेतली? शिक्षण सरलं, आता पेटी कशाले? हे आपल्याले सोडून चाललं पाह्य."

"तुमचं डोकं सडलं," मी म्हणली. "लेकराचा आनंदाचा दिवस हाय, तोंड तरी चांगलं करा!" पण पेटीचं माह्याही मनात घोळून राह्यलं होतं. म्हातारपणी आमच्या घरात त्याच्याबिगर होतं कोण?

हॉलात पोट्टे काळे झगे घालून बसले होते. बुढा माह्या कानात म्हणे, "झगे भाड्याचे दिसतात." तेवढ्यात इंद्रभानचं नाव पुकारलं. ऊर भरून आला माहा. मंचावर चांद्याकडच्या एका शाळेचे अध्यक्ष पाहुणे होते. त्यायनं पदवीचं भेंडोळं देलं अन् पोराचा हात हातात धरला. दोघायच्या झग्याच्या बाह्या इतक्या लांब, की हात दिसेचना. पाहुणे वाकून काही बोलले. पोरानं मान हालवली. हात काही सुटेना.

बुढा ताडकन उठला. "सोड बे हात! बाहीखाली सौदा चालू हाय! मले न इचारता माहा नातू कोण घेते?"

सारा हॉल हासला. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं मले. "अवो, हात मिळवाची रीत हाय मोठ्या लोकायची!" म्हणत मी त्याले ओढून बसवलं.

कार्यक्रम सरल्यावर पोरगं आमच्यापाशी आलं. मी म्हणली, "सांग बाप्पा ह्यायले, कोणता सौदा होता ते."

पोरगं हासलं नाही. खाली पाहत म्हणलं, "आबा, त्यायच्या शाळेत मास्तरची जागा हाय. मी अर्ज केला होता. 'येतोस ना?' म्हणले. मी हो म्हणलो. घरी गेल्यावर सांगणार होतो."

चांदा म्हणजे नागपूरच्याही पार तिकडं. बुढ्याचं तोंड पांढरं पडलं. इतक्या वर्षांत त्याचा संशय पहिल्यांदा खरा निघाला. पोराले ते पाहवलं नाही. "मी आत्ताच जाऊन नाही म्हणतो त्यायले," म्हणून ते वळलं.

बुढ्यानं त्याले दंडाले धरून थांबवलं. "हात देला ना त्याले?"

"देला, आबा."

"मंग सौदा पक्का झाला, आता फिरवतं कसा बे? हात देऊन फिरवणाऱ्याले आमच्या बाजारात कोणी उभं करत नाही. जाय तू." आवाज फाटला होता त्याचा, पण मान ताठ होती.

मी तर कोणालेच हात देला नव्हता. मी तिथंच, साऱ्या पोट्ट्यायसमोर, लेकराच्या गळ्यात पडून रडली.