मावशी आमच्याकडेच असतात

प्रयागबाई — हे माझ्या मावशीचं नाव. माझ्या कुठल्याही सर्टिफिकेटवर ते नाही. तिथं वडिलांचं नाव लागतं, आईचं लागतं. मावशीचं नाव लिहायला जागाच नसते. पण मी आज नांदेडला बँकेत टेबलामागं बसतो, चार माणसं मला नमस्कार करतात, ते या नावामुळं. म्हणून सुरुवात या नावानं करतो.

आता जे सांगणार आहे ते आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही. त्यातलं अर्धं तिच्यादेखत घडलं, तरी तिला दिसलं नाही — इतकं ते लहान होतं. एका शब्दाएवढं. खरं तर शब्दाच्या शेपटाएवढं. मग एवढं काय त्यात, असं तुम्हाला वाटेल. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच विचारत आलो.

आमचं गाव शिरूर अनंतपाळजवळ. आई गेली तेव्हा मी पाचवीत होतो. मावशीच्या नवऱ्यानं दुसरा घरोबा केला होता, त्यामुळं ती माहेरीच होती. आईच्या दिवसाला आली ती परत गेलीच नाही. आमच्या घरात दहावी पास होणारा मी पहिला. वडील म्हणाले, आता शेतात ये. मावशी म्हणाली, "शेत कुठं पळून चाललंय? पोरगं लातूरला जाईल. मी जाते संगं." आणि खरंच आली. लातूरला एक खोली घेतली, मुलींच्या एका होस्टेलात स्वयंपाकाला लागली. बारावीनंतर मी नांदेडला कॉलेजात गेलो, तर तिथंही आली. माझं लग्न झालं, मुलगी झाली, तोवर ती आमच्याजवळच होती. मी तिला 'मावशे' म्हणायचो, 'तू' म्हणायचो. ती मला बाला म्हणायची. बँकेत लागल्यापासून मात्र चेष्टेनं 'साहेब' म्हणायला लागली होती. "साहेब, भाकर थंड होऊलाली, जेवून घे की!" असं. शुभांगीला — माझ्या बायकोला — त्याचं फार हसू यायचं.

हे 'घे' लक्षात ठेवा.

लातूरला नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसायचा. मावशी भांड्यांची रांग लावून बसायची. नळातून नुसती हवा फुसफुसली तरी तिला कळायचं, आज येतंय की न्हाई. अशीच एकदा ती बसलेली असताना मी भूगोलाचं पुस्तक वाचत होतो. तिला म्हटलं, पृथ्वीवर जमिनीपेक्षा पाणीच जास्त आहे, सगळा समुद्र. तिचा विश्वास बसेना.

"आन् ते कुणाचं हाय?" तिनं विचारलं.

"कुणाचंच नाही."

तिनं रांगेतली घागर नळाखाली सरकवली. मग म्हणाली, "मग त्याची ओटी कोण भरतं रं?"

मी हसलो होतो. ती हसली नव्हती. नांदेडला आल्यावर दरवर्षी ती गोदावरीच्या घाटावर जाऊन ओटी भरायची, आणि येताना म्हणायची — एकडाव त्या मोठ्या पाण्याची भरायची हाय.

मग ती सहल ठरली. माझी मुलगी ओवी तेव्हा चार वर्षांची होती. आता ती नववीत आहे. आमच्या मॅनेजरसाहेबांनीच काढलं, दोन्ही कुटुंबं मिळून कोकणात जाऊ. समुद्रकाठचं रिसॉर्ट त्यांनीच शोधलं — नारळाची झाडं, झोपाळे, पोहायचा तलाव, सगळं. शुभांगी म्हणाली, मावशींनाही नेऊ. सून म्हणून ती मावशीला अहो-जाहो करते. मी लगेच हो म्हणालो. तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं, हे खरं आहे. पण ते सांगून मी काय मिळवतो? काही नाही.

मावशीनं खण आणला, नारळ आणला, तांदूळ, हळकुंड, सुपारी. शिरूरला फोन करून सगळ्यांना सांगितलं, मी समिंदराला चालले. तिकडच्या दोन-तीन बायकांनी एस.टी.नं येणाऱ्या माणसाजवळ हळदीकुंकवाच्या पुड्या पाठवल्या — आमच्या नावानं पण वाहा म्हणून. ते सगळं तिनं एका फडक्यात बांधलं आणि ते गाठोडं पूर्ण प्रवासभर मांडीवर ठेवलं. डिकीत ठेव म्हटलं तर म्हणाली, "देवाचं सामान हाय, चाकावर कशाला?"

आम्ही पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. शुभांगी ओवीला घेऊन थेट खोलीत गेली. रिसेप्शनच्या हॉलमध्ये मी, मॅनेजरसाहेब आणि त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या मॅडम. मावशी आमच्या मागं, माशांच्या काचेच्या टाकीजवळ उभी. तिचं लुगडं प्रवासानं चुरगळलेलं. कपाळावर गोंदण. मिश्रीनं काळे झालेले दात. पायात रबरी चपला. आणि ती फरशी — इतकी चकचकीत की त्या चपला तिच्यात उलट्या दिसत होत्या. मी त्या चपलांकडं बघत होतो. का बघत होतो? आमच्या घरात त्या रोज दाराशी असायच्या, कधी दिसल्या नव्हत्या.

मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "या मावशी तुमच्याकडेच असतात का हो?"

आता तुम्हीच बघा. आपल्याकडं शहरात धुण्याभांड्याला येणाऱ्या बाईला आपण काय म्हणतो? मावशी. आणि अहो-जाहो करतो. मावशी, आज लवकर आलात. मावशी, उद्या येताय ना. बोलायला चांगलंच आहे ते, मान देण्यासारखं. मॅडम काय विचारत होत्या, ते मला त्याच क्षणी समजलं होतं. मी त्यांना नुसतं एवढं सांगायला हवं होतं — ही माझी मावशी आहे, आईची बहीण. दोन श्वासांचं काम.

मी म्हणालो, "हो, मावशी आमच्याकडेच असतात."

यातला कुठला शब्द खोटा आहे? ती मावशीच होती. आमच्याकडेच होती. फक्त 'असते' म्हणायच्या जागी मी 'असतात' म्हणालो. जन्मात तिला कधी अहो-जाहो केलं नव्हतं, तिथं पहिल्यांदा केलं. आणि त्या मानानंच तिला परकं केलं.

मॅडम म्हणाल्या, "नशीबवान आहात बाई तुम्ही. आमच्याकडं तर मावश्या टिकतच नाहीत."

मी हसलो.

वळलो तर मावशी माशांकडं बघत होती. एवढ्या जवळ उभी होती की तिला ऐकू न जाणं शक्य नव्हतं. तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. खाली वाकली आणि माझी बॅग उचलली. तिची नाही — माझी. मी ती तिच्या हातातून घ्यायला हवी होती. नाही घेतली. मॅडम बघत होत्या.

पुढचं सगळं या एका बॅगेतून निघालं, असं मला वाटतं. एकदा 'असतात' म्हटल्यावर परत फिरणं मला जमलं नाही. जेवायच्या वेळी मॅडम म्हणाल्या, मावशींना इथं एवढ्या लोकांत अवघडल्यासारखं होईल, त्यांचं ताट खोलीत पाठवू या का? मी म्हणालो, हो, त्यांना तसंच बरं वाटतं. शुभांगी ओवीचं ताट वाढायला गेली होती. नंतर तिनं विचारलं, मावशी कुठं आहेत? मी म्हणालो, दमल्यात. तिच्याशी बोलतानासुद्धा मी 'दमल्यात' म्हणालो. तिला काही वेगळं वाटलं नाही, कारण ती स्वतः तसंच बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉल्फिन बघायला होडीतून जायचं होतं. मॅडमचा मुलगा दीड वर्षाचा; ओवीलाही होडीची भीती. मॅडम म्हणाल्या, "मावशी आहेत ना!" शुभांगी मावशीला म्हणाली, तुम्ही चला की, मी थांबते पोरांपाशी. मावशीनं गुडघ्यावर हात ठेवला. "न्हाई गं माय, ह्ये माझं गुडघं वाळूत चालूलालेत व्हय? जा तुम्ही." लातूरला दोन्ही हातांत घागरी घेऊन जिना चढणारी बाई ती. शुभांगीला ते खरं वाटलं. मला माहीत होतं. ती मला सोडवत होती — माझ्याच शब्दातून.

ती दोन पोरांना घेऊन पोहण्याच्या तलावापाशी बसली. तिथून समुद्र अगदी जवळ होता, पण मध्ये सुरूच्या झाडांची दाट ओळ होती. आवाज येत होता, दिसत नव्हता. होडीत बसताना मी मागं वळून पाहिलं. झाडंच दिसली.

आम्ही परत आलो तेव्हा मॅडमचं बाळ तिच्या खांद्यावर झोपलं होतं. सगळे ओले, हसत, डॉल्फिनच्या गोष्टी सांगत. मावशी उठून उभी राहिली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाली, "साहेब, पोरांनी भात खाल्लाय. तुम्ही बी जेवून घ्या."

शुभांगी हसली. घरची चेष्टा आठवून हसली. पण घरी ती 'जेवून घे' म्हणायची. हे 'घ्या' होतं. त्या सगळ्या माणसांत ते फक्त दोघांना ऐकू आलं — तिला आणि मला. मी 'असतात' म्हणून जे बांधलं होतं, त्यावर तिनं 'घ्या' म्हणून छप्पर घातलं. मी उघडा पडू नये म्हणून. त्या क्षणी मला काय वाटलं, ते इथं लिहायचा दोनदा प्रयत्न केला. होत नाही. ते तिला लिहिलं आहे.

संध्याकाळी सगळे वाळूत गेले. बाळ मावशीला सोडेना, म्हणून मॅडमनी ते तिच्याचकडं ठेवलं. मी शुभांगीला सांगितलं, मावशी उद्या सकाळी ओटी भरायला जातील. पण सकाळी मॅनेजरसाहेबांना घाई होती, उन्हाच्या आत घाट ओलांडायचा म्हणून. गाडीत सामान भरताना मला तिच्या पिशवीत ते फडकं दिसलं. गाठ तशीच. मी तिच्याकडं बघितलं. तिनं पिशवीचं तोंड ओढून घेतलं.

"काय बघूलालास? राहू दे. पुढच्या टायमाला." आता आम्ही दोघंच होतो, म्हणून 'बघूलालास'. परत तू.

समुद्र तिथून दोन मिनिटांवर होता. मी गाडी चालू केली.

रस्ता थोडा वेळ किनाऱ्यानं जात होता. मावशीची खिडकी डोंगराच्या बाजूची होती. ती ओवीवरून वाकून पलीकडं बघत होती, दोन्ही हात जोडून. मग वळण आलं.

नांदेडला आल्यावर शिरूरहून फोन आला. मी बाहेरच्या खोलीत होतो. मावशी सांगत होती, "हाव, भरली की ओटी. तुमच्या पुड्या बी वाहिल्या. लई पाणी गं, बाई. काय सांगू, नुसतं पाणीच पाणी." माझी मावशी स्वतःसाठी खोटं बोलत नाही. हळदीकुंकवाच्या बाबतीत तर नाहीच. ते खोटं ती माझ्यासाठी बोलली — आणि मी आत जाऊन काही म्हणालो नाही. टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

त्यानंतर ती माझ्याशी पहिल्यासारखीच वागली. तू, बाला, सगळं तसंच. फक्त चेष्टेनं 'साहेब' म्हणणं थांबलं. शुभांगीनं एकदा विचारलंही, मावशी, हल्ली साहेब म्हणत नाही तुम्ही? ती म्हणाली, "म्हातारी झाले, इसरले." ओवी शाळेत रुळल्यावर ती गावी गेली. तिथंच असते. असते — आता मला हा शब्द लिहिता येतो. आता त्याचा काय उपयोग?

यंदा उन्हाळ्यात बँकेत एक वयस्कर बाई आल्या होत्या. सोबत शिकलेला मुलगा. आमच्या क्लार्कनं विचारलं, या कोण? तो ताडकन म्हणाला, "माझी आई आहे ही." 'आहे ही.' एवढंच. मी टेबलामागं बसून होतो. त्या रात्री मी जेवलो नाही, असं काही झालं नाही, जेवलो, झोपलो. पण दुसऱ्या दिवशी कागद घेतला.

मावशी प्रौढ शिक्षणाच्या वर्गात अक्षरं शिकलेली आहे. मोठं अक्षर असलं की लावून लावून वाचते, जोडाक्षराला अडखळते. दुसऱ्या कुणी वाचून दाखवावं असं ते पत्र नव्हतं. म्हणून साधे शब्द शोधले, जमेल तितकी जोडाक्षरं टाळली आणि ठळक अक्षरात लिहिलं. पोस्टात टाकलं. ते असं होतं —

मावशे,

मी बाला लिहितो.

आपण मोठं पाणी बघायला गेलो होतो. तिथं बाईंनी मला विचारलं, मावशी तुमच्याकडेच असतात का. मी बोललो, हो, असतात. तू मागं उभी होतीस. तू ऐकलंस. मला तेव्हाच कळलं.

बाई तुला कामवाली समजत होती. ते मला माहीत होतं. तू माझी मावशी, तू मला वाढवलं, हे मी सांगितलं नाही.

तुझं ताट खोलीत पाठवायला मीच लावलं. तुझी ओटी राहिली ती माझ्यामुळं. गावात तू खोटं बोललीस. ते खोटं तुझं नाही, माझं आहे.

अजून एक आहे. तू सगळ्यांसमोर बोललीस, साहेब, जेवून घ्या. तेव्हा मला लाज वाटली असेल, असं तुला वाटत असेल. तसं नाही.

मला बरं वाटलं.

बाला