काजूच्या दिवसांतला तोंडाचा वास

डॉक्टरांनी कुसुमच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि माझ्या मुलाला विचारलं, "हिला हुर्राक कोणी दिला?"

"कोणी दिला नाय. चोरून प्याली," दत्ता म्हणाला.

डॉक्टर तरुण होते. बॅटरी घेऊन त्यांनी कुसुमचं तोंड उघडलं. दात बघितले, एकही किडलेला नव्हता. घसा बघितला, टॉन्सिल्स म्हणजे घशातल्या गाठी सुजलेल्या नव्हत्या. नाकपुड्या बघितल्या. लहान मुलं नाकात मणी, चिंचोका घालून बसतात, तो आत कुजतो आणि घाण वास येतो, असं ते नर्सला सांगत होते. तेही नव्हतं. मग त्यांनी माझ्या सुनेला, शेवंतीला विचारलं, "पाणी फार पिते का? रात्री अंथरूण ओलं करते?"

शेवंती म्हणाली, "व्हय. महिनोभर."

रक्त घेतलं, लघवी घेतली. थोड्या वेळाने डॉक्टर परत आले ते दत्ताकडे बघतच. "ही प्यालेली नाही. एक थेंब नाही. हिला डायबेटिस आहे. पणजीच्या बाजूच्या मोठ्या इस्पितळात न्यायला पाहिजे, आत्ताच्या आत्ता."

हे डिचोलीच्या दवाखान्यात घडलं. कुसुम तेव्हा सात वर्षांची होती. माझ्या मुलाची एकुलती मुलगी.

आमचं घर लाटंबार्श्याला. माझं माहेर दोडामार्गाकडचं, म्हणून घरात बोलणं मालवणी. मी गावच्या मराठी शाळेत चौथीपर्यंत शिकले. लिहायला बसले आहे ते रडगाणं गायला नाही. आमच्याकडे काजू आहेत तसे कितीतरी घरी आहेत, आणि त्या घरांत मुलं आहेत.

काजूच्या दिवसांत आमच्याकडे सगळ्यांनाच वास येतो. बोंडू, म्हणजे काजूची फळं, गोळा करून आणायचे, दगडी कुंडात टाकायचे, पायांनी तुडवायचे. तुडवायला मुलं आधी. रस निघतो तो निरो, गोड असतो, मुलं कोप, म्हणजे पेले, भरभरून पितात. तो आंबवून भट्टीवर पहिल्यांदा उकळला की हुर्राक, आमची काजूची दारू. कपड्यांना वास, केसांना वास, जनेलाच्या पडद्यालाही वास. पावसाळा येईपर्यंत आमच्या नाकांना दुसरं काही कळत नाही.

त्या वर्षी कुसुमला तहान लागायला लागली. आम्ही म्हटलं, बोंडू खाऊन घसा धरला. बोंडवाने धरतोच. रात्री अंथरुणात लघवी करायला लागली. म्हटलं, निरो जास्त प्याली. अंगणात ती लघवीला बसायची तिथे मुंग्या जमायच्या. आमच्या अंगणात त्या दिवसांत मुंग्या कुठे नसतात? ती वाळली. म्हटलं, ऊन आहे, दिवसभर काजूच्या बागेत हुंदडते. वाळली म्हणून मी तिला आणखी निरो पाजला, गुळाचं पाणी दिलं. साखर वाढलेल्या पोरीला साखर. हे मला पुढे इस्पितळात कळलं.

शेवंती एकदा म्हणाली होती, "हिची हाडां दिसतत. ह्या बोंडवान होता काय?" कोणी लक्ष दिलं नाही. ती माहेरी काजू नसलेल्या गावची, तिला काय कळतं, असं आमचं.

मग तोंडाला वास यायला लागला. आंबल्यासारखा, गोडसर. दात घासले तरी जायचा नाही. शेजारची पार्वती बोंडू तुडवायला यायची. तिने हुंगलं आणि कुंडात उभी राहून ओरडली, "काय गे, तुझी नात भट्टीची पयली गिऱ्हाईक झाली मा?" सगळे हसले. मीही हसले. कुसुम हसली नाही. "मी काय पिऊक नाय," म्हणाली आणि पाणी प्यायला गेली.

दोन दिवसांनी सकाळी तिला उलट्या झाल्या. चालताना झोक जायला लागला. डोळे जड, श्वास खोल आणि मोठमोठ्याने, धावून आल्यासारखा. आणि वास तर असा की पडवीत कळावा. दत्ता खाणीच्या ट्रकवर ड्रायव्हर. त्या दिवशी घरी होता, भट्टी लागली होती. त्याने तिचा हात धरून विचारलं, "कितको प्यालंय? खरां सांग."

"बाबा, मी पिऊक नाय."

त्याने एक थोबाडीत दिली. प्याल्याबद्दल नाही, खोटं बोलल्याबद्दल, असं तो म्हणाला. मग तिला पडवीत चटईवर निजवलं. "झोपली की उतरतला."

प्यालेल्या माणसाला आमच्याकडे हेच करतात. झोपवतात. आमच्या घरात प्यालेलं माणूस कसं दिसतं ते तीन पिढ्यांना ठाऊक. ती तशीच दिसत होती.

संध्याकाळी शेवंती तिला उठवायला गेली, तर ती उठेना. शेवंतीने मुलीला खांद्यावर टाकलं आणि रस्त्याकडे चालायला लागली. कोणाला विचारलं नाही. मग दत्ताने ट्रक काढला आणि आम्ही डिचोलीला गेलो.

मोठ्या इस्पितळात तिला सलाइन लावलं, इन्सुलिन सुरू केलं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी मला बाकावर बसवून समजावलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, कारण मला कळेपर्यंत ते उठले नाहीत. इन्सुलिन म्हणजे खाल्लेली साखर अंगाला लागू देणारा रस. लहान मुलांतही तो आटतो. मग रक्तात साखर साठते आणि अंग उपाशी राहतं. उपाशी अंग स्वतःची चरबी जाळतं. त्यातून कीटोन नावाचं आम्ल तयार होतं. तेच श्वासातून बाहेर येतं. त्याला फळ आंबल्यासारखा वास असतो. या अवस्थेला डायबेटिक कीटोअ‍ॅसिडोसिस म्हणतात, म्हणजे रक्तच आंबट होणं.

"आजी, चूक होण्यासारखा वास आहे," ते म्हणाले. "शहरातले लोकसुद्धा फसतात."

ते बरं वाटावं म्हणून बोलले. मला बरं वाटलं नाही.

गोवा राज्य होणार म्हणून तेव्हा जिकडेतिकडे बोलणं चालू होतं. वॉर्डाबाहेरच्या बाकावर दोन माणसं कोकणी की मराठी यावर हमरीतुमरीवर आलेली. आत माझी नात दोन्हीत गप्प होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती शुद्धीवर आली. श्वास शांत झाला होता. नर्सने कोकणीत जीभ दाखवायला सांगितलं, तर दाखवली. वास पुष्कळ कमी झालेला. आम्हाला वाटलं, सुटलो. तिने बापाला हाक मारली.

"बाबा, मी पिऊक नाय."

दत्ता खाटेजवळ खाली बसला. "माका ठावक हा गे बाय. डॉक्टरान सांगितल्यान. तू पिऊक नाय."

"पार्वतीकाकीक पण सांग."

"सांगतंय."

दुपारी तिचं डोकं दुखायला लागलं. मग ती पुन्हा गुंगीत गेली. सेरेब्रल एडिमा म्हणजे मेंदूला सूज. फार उशिरा आलेल्या मुलांत उपचार चालू असतानाही ती येते, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी खूप धावपळ केली, मी बघितली. त्यानंतरच्या सकाळी कुसुम गेली.

घरी आल्यावर अंघोळीच्याही आधी दत्ता पार्वतीच्या दारात गेला. "माजा चेडू पिऊक नाय होता," एवढं सांगितलं आणि परत आला.

त्यानंतर काजूचे दोन हंगाम गेले. लोक विचारतात, अजून भट्टी कशी लावता? बोंडू कुजवायचे काय? भट्टी लागते. पण निरो प्यायला मुलं आली की मी एकेकाला जवळ घेते आणि तोंड हुंगते. मुलं मला हसतात. "आजयेक वास दी रे," म्हणून एकमेकांना ढकलतात. बहुतेकांचे दात किडलेले असतात. एकजण तोंड उघडं टाकून झोपतो, त्याचं तोंड सकाळी कोरडं आणि घाण. पार्वतीच्या नातवाच्या एकाच नाकपुडीतून वास आला, तर डॉक्टरांनी आतून चिंचोका काढला. पार्वती त्या दिवशी माझ्याकडे येऊन नुसती बसून राहिली.

तुमच्या मुलाच्या तोंडाला वास येत असेल तर दात बघा, घसा बघा, नाक बघा. पण त्याच्याबरोबर तहान असेल, अंथरूण ओलं होत असेल, पोर वाळत असेल, तर घरात बसून अर्थ लावू नका. लघवी तपासून घ्या. श्वास मोठा झाला आणि झोप यायला लागली, तर त्याला झोपवू नका. उचला आणि चालायला लागा, शेवंतीसारखं. आणि पोर जे सांगतं ते आधी ऐका.

दत्ता आता हुर्राक नाकाला लावत नाही. पहिली धार आली की वाटी माझ्यापुढे करतो आणि तोंड फिरवतो. मी हुंगते. हा वास तिखट असतो, नाकात चढतो. तिचा चढत नव्हता. तिचा गोड होता.