एका फाटकाला दोन मशिनं

काम सुरू करण्याआधी काका वेल्डिंगची केबल दोन्ही तळहातांतून हलकेच सरकवत, कुठे सोलली आहे का ते चाचपत, मशीनपासून कामापर्यंत चालत जायचे. डोळे अर्धवट मिटलेले. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, हा माणूस झोपेत चालतोय.

"अहो काका, आज होईल ना सुरू?" मी ऑफिसच्या खिडकीतून विचारायची. मी मूळची सदाशिव पेठेतली; खोचक बोलायला मला वेगळी तयारी लागत नाही.

"दम धरा ताई. कायची घाई हाय?"

काका वाशीमकडचे. धायरीतल्या आमच्या फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये वेल्डर म्हणून आले आणि इथलेच झाले. दुपारी शेडच्या भिंतीवर निळा उजेड थरथरायचा, आणि हिशेब करता करता मला गुंगी यायची. ते दिवस आठवले की अजूनही तशीच येते.

आमच्याकडे दोन मशिनं. एक जुनं, बोजड, सतत गुरगुरणारं. दुसरं नवं, खांद्याला अडकवून नेता येणारं. मोठं काम आलं की दोन्ही त्याच कामावर लागायची. तेव्हा काका आधी दोन्हींचे, वेल्डिंगची कांडी धरायचे होल्डर एकाच टोकाला, प्लसला, आहेत ना ते बघायचे. एक प्लसला आणि दुसरा मायनसला राहिला, तर दोन्हींना एकदम हात लावणाऱ्याला दोन्ही मशिनांचा मिळून झटका बसतो. अर्थिंगची केबलही जोडाच्या अगदी जवळ लागे. "करंट जवळच्या जवळ घरी गेला पायजे. नाईतर भटकते तो."

एकदा एका सोसायटीचं फाटक करायचं होतं. नवं मशीन नुकतंच दुरुस्तीहून आलेलं. काकांच्या हातात जुन्या मशीनचा होल्डर होता. त्यांच्या जोडीदाराने फाटकाच्या गजांतून नव्याचाही होल्डर पुढे केला, तंबाखूची डबी द्यावी इतक्या सहज.

काकांनी हात मागे घेतला. "खाली ठेव. मंग उचलतो मी."

मग त्यांनी नव्या मशीनच्या केबल तपासल्या. दोन्ही टोकं उलटी खोचलेली होती, होल्डर मायनसला. जोडीदार स्वतः जाऊन सगळ्यांसाठी चहा घेऊन आला.

पुढे काकांच्या छातीत पेसमेकर बसला. वेल्डिंगजवळ उभंही राहायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. काका शेडच्या बाहेरच थांबून मला हे सांगत होते. मी म्हटलं, दुसरं काही काम बघू की.

"नाई ताई. दोन मशिनी जुळवल्या असत्या मी. आता तिसरी माह्या छातीत हाय. तिचं अन् याइचं नाई जमणार."

ते हसले. मला मात्र रडू आलं. त्या माणसाला त्या उजेडाशिवाय दुसरं काहीच नको होतं.

गावी परतायच्या दिवशी दुपारी काका आले आणि रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या पायरीवर उभे राहिले. "इथून पाहू द्या एक डाव," त्यांनी ओरडून सांगितलं.

आम्ही शटर पूर्ण वर केलं. जोडीदाराने काम सुरू केलं. मधून स्कूटर जात होत्या, धूळ उडत होती, आणि पलीकडे काका डोळ्यांपुढे काळी काच धरून अगदी स्थिर उभे होते.

थोड्या वेळाने जोडीदाराने वर पाहिलं. "ताई, जोड झाला."

"माहितीये," मी म्हटलं. "चालू ठेवा."

त्याने नवी कांडी लावली आणि झालेल्या जोडावरूनच पुन्हा सुरुवात केली.