तरोटा देणाऱ्या आणि प्रसंगी न देणाऱ्या जैतून खाला

कंधारच्या जैतून खालांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. या गौरवग्रंथात मोठमोठी माणसं लिहून राहिलीत. माझी शाळा सातवीतच सुटली, पण राहवत नाही म्हणून सुरतेहून, मागाच्या कारखान्यातली पाळी संपल्यावर, हे लिहितो.

खालांचा धंदा बांगड्या भरण्याचा, पण आसपासच्या गावांत त्यांचं नाव तरोट्यामुळं. पावसाळ्यात बांधावर, उकिरड्यावर आपोआप माजणारं हे झुडूप. मी त्यांच्याकडं पहिल्यांदा गेलो तो सुट्टीत सुरतेहून कंबरभर नायटा घेऊन आलो तेव्हा. आईनं ओढतच नेलं होतं. खालांनी बघितलं नि म्हणाल्या, "सुरतेहून लोकं साड्या आणतेत, तू ह्ये आणलंस व्हय?"

गेल्या सालच्या तरोट्याच्या बिया त्यांनी आंबट ताकात भिजवल्या, वाटल्या, लेप दिला. मी विचारलं, "खाला, कधी जाईल?"

"तू एका जागी बसशील तवा! पायाला भिंगरी हाय तुझ्या."

मग कोवळ्या तरोट्याची लसूण घातलेली भाजी नि ज्वारीची भाकरी पुढ्यात ठेवली. कोवळा पाला खायचा, फूल आलं की खुडायचा नाही, पिकलं बी लेपासाठी ठेवायचं, ही त्यांची शिस्त. माझा नायटा गेला. आमच्या घराचा त्यांच्यावर भरवसा बसला.

पण खालांचं मोठेपण मला कळलं ते बहिणीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी. त्या घरी येऊन सुनंदाला बांगड्या भरत होत्या. एक बांगडी फुटली, काच मनगटात घुसली, रक्त आलं. सुनंदा आपली हसून बोलतच होती. काच घुसली तिथंच एक फिकट चट्टा होता. खालांचे हात थांबले.

"पोरी, दुखलं न्हाई?"

"न्हाई की."

आई म्हणाली, "नायटाच हाय तो खाला, तरोटा लावा. उद्याच्याला पाव्हणे येणार."

"ह्याला माझा पाला न्हाई, सुमन. दवाखाना."

आई रडली. सोयरीक मोडंल म्हणाली. खालांनी ऐकलं नाही. साखरपुडा पुढं ढकलायला लावला, सकाळच्या गाडीनं सुनंदाला नांदेडला नेलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कुष्ठरोगाची सुरुवात आहे, गोळ्या पूर्ण घेतल्या की बरा होतो.

आता हे सासरी लपवायचं असं आमचं ठरत होतं. खाला म्हणाल्या, "मी येते सांगायला." मुदखेडला पाव्हण्यांच्या ओसरीवर त्यांनी सगळं सरळ सांगितलं. ताटं वाढली, पण सुनंदाच्या शेजारी कुणी बसेना. तेव्हा सुनंदाचं ताट त्यांनी आपल्याकडं ओढलं नि तिच्याच ताटात जेवायला बसल्या. दोघी जेवून राहिल्या, बाकी सगळे बघत. थोड्या वेळानं नवरदेवाच्या आई उठल्या. वाटलं, आत चालल्या. त्या भाजीचं पातेलं घेऊन आल्या, त्याच ताटात वाढलं नि सुनंदाशेजारी बसल्या. "गोळ्या संपू द्या," म्हणाल्या, "मग तारीख काढू."

गोळ्या संपल्या, लग्न झालं. चट्टा आता शोधावा लागतो. सुनंदाला सातवा महिना चालू आहे. परवा फोनवर म्हणाली, "दादा, लिहून राहिलास तर खालांसाठी लई वर्षं माग. माझ्या लेकराला पहिला घास त्यांच्याच हातचा पाहिजे."

खाला, तुमचे गुडघे, तुमची नजर, तुमचे हात असेच धड राहोत. लई वर्षं मागतो. तुम्हाला मुदखेडला लेकराला घास भरवायला जायचं आहे.