प्रळयाक्कांचं स्वयंपाकघर

लग्नाच्या पंगतीत कोणी नवऱ्यामुलाची नोकरी विचारतं, कोणी पगार. आमच्या अक्का विचारायच्या, "चेन्नईत फ्लॅट कितव्या मजल्यावर घेतलाय?" तळमजला असं उत्तर आलं की त्यांचा घास हातातच राहायचा. गोविंदपुरमच्या एका लग्नात त्यांनी वरपित्याला समुद्र कसा चढतोय ते रसमपासून पायसमपर्यंत समजावलं. तेव्हापासून कुंभकोणममधली आमची मराठी माणसांची गल्ली त्यांना प्रळयाक्का म्हणू लागली. अर्थात त्यांच्या पाठीमागे. आम्ही सुसंस्कृत माणसं.

अक्का अविवाहित. सारा जन्म विमा कंपनीच्या नोकरीत गेल्यामुळे, वाईट व्हायचं ते होणारच हे त्यांनी धरून ठेवलेलं. पूर्वीचा पाऊस दिवाळीच्या आगेमागे शहाण्यासारखा यायचा, आता महिन्याचा एका दिवसात कोसळतो, हे त्या भाजीवाल्याला तमिळमध्ये आणि आम्हाला मराठीत सांगायच्या. आम्ही "खरंय, अक्का" म्हणून मोबाइलकडे बघायचो.

मग एका वर्षी गल्लीत गुडघाभर पाणी आलं. पाणी होतं तोवर आम्ही नगरपालिकेला नावं ठेवली. ओसरल्यावर नगरपालिकेलाही माफ केलं. अक्का मात्र घरोघर हिंडल्या. घरांच्या मागून एक पाट जायचा, गल्लीचं पाणी तो अरसलार नदीला नेऊन सोडायचा. आता त्यावर कोणाची न्हाणी होती, कोणाची गाडी. माझं वॉशिंग मशीन होतं. पाट मोकळा करा, एवढंच अक्कांचं म्हणणं.

त्यांच्या ओट्यावर बैठक भरली. हवामान बदललंय यावर एकमत झालं. कोणीतरी काहीतरी करायला हवं, यावरही झालं. कॉफी उत्तम होती. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातले मामा, ज्यांची गाडी पाटावर होती, सावकाश म्हणाले, "अक्का, तुमचं स्वयंपाकघर कशावर उभं आहे?"

ते अक्कांच्या वडिलांनी बांधलेलं, आणि पाटावरच. आम्हाला फार बरं वाटलं. अक्का पेले उचलून आत गेल्या.

पुढच्याच आठवड्यात जेसीबी आला. अक्का छत्री घेऊन उन्हात उभ्या राहिल्या आणि स्वयंपाकघर पाडून घेतलं. शेगडी दिवाणखान्यात आली. त्या संध्याकाळी मी विचारलं, वाईट नाही वाटलं? त्या म्हणाल्या, "वाटलं की रे. आईच्या चुलीचा धूर होता त्या भिंतीला. पण पाणी काय घरपट्टीची पावती बघून थांबणार? त्याला जायला नको कोठे तरी?"

आमचं हृदयपरिवर्तन झालं असं कोणी समजू नये. जेसीबीचं दिवसाचं भाडं अक्कांनी दिलेलंच होतं आणि अर्धा दिवस शिल्लक होता, म्हणून चारजणांनी पाटावरचे आपापले स्लॅब काढून घेतले. त्यात मीही होतो. मामांनीसुद्धा गाडी हलवली, कारण ड्रायव्हर जेसीबी फार जवळून वळवत होता.

पुढच्या वर्षीचा पाऊस आधीपेक्षा भयंकर. इन्नंबूरकडची भातशेती पाण्याखाली गेली, लोंब्या उभ्या उभ्या कुजल्या. आमच्या गल्लीत पाणी शेवटच्या पायरीपर्यंत चढलं आणि अक्कांच्या त्या मोकळ्या जागेतून घोंघावत मागे निघून गेलं. एकाही घराचा उंबरा भिजला नाही. त्यावरून गल्लीने निष्कर्ष काढला की अक्का उगाच घाबरवत होत्या. मामांनी तर हे त्यांच्या तोंडावर सांगितलं. अक्का हसल्या. "मग बरंच झालं की," म्हणाल्या, आणि दिवाणखान्यातल्या शेगडीवर त्यांच्यासाठी कॉफी ठेवली.

गेल्या उन्हाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन त्या गेल्या. घर बंगळूरच्या भाच्याकडे आलं. त्याने मागची मोकळी जागा पावलांनी मोजली आणि खूश झाला; मोठी गाडी सहज बसेल म्हणाला. मी त्याला पाट दाखवला, पाऊस सांगितला, इन्नंबूर सांगितलं. आवाज चढला असेल माझा. तो मोबाइलकडे बघत ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सीरियस इश्यू आहे हा, अंकल." आणि त्याने गवंड्याला फोन लावला.

हल्ली मी सकाळी त्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून पेपर वाचतो. गवंडी येतो, मला बघतो, जरा थांबून परत जातो. निवृत्तीनंतर माणसाचं असं होतं, असं गल्लीचं म्हणणं आहे.