टेकडीवरचा दोर

ठमाबाईचा कुणावर विश्वास नाही, असं गावात सगळे म्हणतात, आणि ते काही खोटं नाही. भाजीवाल्याचा काटा ती स्वतः उचलून बघते. सुनेने, म्हणजे कल्पिताने, चहा दिला तरी आधी वास घेते आणि मगच पिते. पण तिला संशयी म्हणणाऱ्यांनी एकदा तिच्या जागी उभं राहून बघावं की! ठाण्यात माजिवड्याच्या पलीकडे हायवेला लागून जे टॉवर उभे आहेत, त्यातल्या दोन टॉवरांखाली तिच्या सासऱ्याची भातखाचरं आहेत. ज्या मिठागरात तिने तरुणपणी गोण्या भरल्या, तेही बुजलं. आणि दर वेळी सुरुवात अगदी तशीच. इस्त्रीच्या कपड्यातली माणसं येणार, दोरी धरून मापं घेणार, खुंट्या ठोकणार आणि जाताना म्हणणार, "काकी, तुम्ही काही टेन्शन घेऊ नका."

तसं आता तिला काही कमी नाही. नवरा राघो गेला तेव्हा मागे दोन फ्लॅट ठेवून गेला. पण फ्लॅटमध्ये उगवतं काय? जाहिरातीचे कागद दाराखालून येतात, तेवढेच.

तिचं म्हणावं असं एकच ठिकाण उरलेलं, ते म्हणजे मागची टेकडी. टेकडी सरकारी, हे तिला ठाऊक होतं. पण टेकडीच्या कुशीत, एका मोठ्या कातळामागे, शेवळांचा पट्टा होता. जून लागला की जमिनीतून जांभळट कोंब वर येतात, ती शेवळं. हा पट्टा तिच्या सासूने तिला दाखवला, तोही लग्नानंतर सात वर्षांनी, ही पोर टिकते याची खात्री पटल्यावर. रानभाजीची जागा कुणी कुणाला सांगत नाही, ही गावातली रीतच आहे. ठमाबाई तर तिथे जाताना उलट्या दिशेने निघायची आणि टेकडीला वळसा घालून पोचायची. कल्पिताला अजून पत्ता नव्हता. शेवळं ती विकत नाही, भावकीत वाटते. "कुठून आणली गं?" असं कुणी विचारलं की म्हणते, "बाजारातून." समोरचीला कळतं, ही थापा मारतेय. तेव्हा ठमाबाईच्या चेहऱ्यावर जो रुबाब असतो ना, तो दोन्ही फ्लॅटच्या चाव्या कमरेला लावूनही आला नसता.

आणि अशा टेकडीवर 'रानसोबत' नावाची संस्था आली. डोंबिवलीहून येणारी ऋजुता नावाची बाई तिची मुख्य. आधी त्यांनी कचरा उचलला, मग वणवा लागू नये म्हणून गवताचे पट्टे कापले. ठमाबाई रोज खालच्या पारावर बसून हे बघत होती. एवढी माणसं फुकटात घाम गाळतात? काहीतरी शिजतंय, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं. मे महिन्याच्या शेवटी खुंट्या आल्या. खुंट्यांवरून पिवळा नायलॉनचा दोर आला. तो दोर वळत वळत कातळापासून वीस पावलांवर पोचला, तेव्हा ती पारावरून उठली.

ती तरातरा वर गेली. "कोनला इचारून बांधलाव यो दोर?"

"काकी, वनखात्याची परवानगी आहे," ऋजुता म्हणाली. "ज्यांना दिसत नाही, त्यांनासुद्धा जंगलात आपलं आपण फिरता यावं म्हणून आहे हा. दोर धरून चालायचं."

"आंधल्यांना डोंगर कनाला दाखवायचा?"

"दाखवायचा नाही, भेटवायचा," ऋजुता हसली. "आणि तुम्ही काही टेन्शन घेऊ नका."

झालं! तेच वाक्य. बिचारीने दुसरं काहीही बोलावं, पण नेमकं तेच. ठमाबाई मागे वळली आणि उतरताना तिने खुंट्या मोजल्या.

दोन रविवार माणसं दोर धरून फिरून गेली. तिसऱ्या आठवड्यात शनिवारी पहाटे, दूधवालासुद्धा यायच्या आधी, ती वर गेली. कातळाजवळच्या चार खुंट्यांवरून तिने दोर सोडला आणि दुसऱ्या बाजूच्या झाडांना नेऊन बांधला. दोर हलला की वाट हलेल, वाट हलली की माणसांचे पाय तिकडे जातील, आणि आपली शेवळं वाचतील, एवढाच तिचा हिशोब. कुणाचं वाईट करायचं तिच्या मनातही नव्हतं. हात सवयीने चालले. मिठाच्या गोणीचं तोंड बांधायची गाठ कायम दुहेरी, एकीला लागून दुसरी, नाहीतर गोणी उचलताना सुटते. तशाच चार गाठी तिने झाडांशी घट्ट आवळल्या आणि समाधानाने घरी येऊन चहा टाकला.

त्या दोरावरच्या गाठींना अर्थ होता, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. विचारलं असतं तर सांगितलं असतं, पण विचारणार कोण? एक गाठ लागली की थांबायचं, तिथे हाताला काहीतरी आहे, एखादं खोड किंवा पानं. दोन गाठी जोडून लागल्या की उजवीकडे वळायचं.

रविवारी दिव्याहून लोकलने मालन आली. वय पन्नाशीचं, मूळ साताऱ्याकडची, साखरेच्या आजाराने नऊ वर्षांपूर्वी डोळे गेलेले. ही तिची तिसरी खेप होती. घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत तिला कुणी ना कुणी दंडाला धरूनच फिरवायचं. फक्त या दोरावर ती एकटी चालायची. संस्थेची माणसं दहा पावलं मागे राहायची, हा नियम तिनेच करायला लावलेला.

ठमाबाई वरच्या दगडावर बसून बघत होती, कारण दोर हलवल्याचं कुणाच्या लक्षात येतं का, हे बघायचं होतं. मालन भराभर, जवळजवळ हसत येत होती. पहिली दुहेरी गाठ बोटांखाली आली आणि ती बिनधास्त उजवीकडे वळली. तिथे ओहळ होता, दगडगोट्यांनी भरलेला, कमरेएवढा खोल.

ती पडल्याचा आवाज ठमाबाईला अजून ऐकू येतो.

मालनचं मनगट मोडलं. तिला वर काढून बसवलं, ओढणीने हात गळ्यात बांधला. तिने दुसऱ्या हाताने दोर मागितला, गाठ चाचपली आणि म्हणाली, "ही काळुरामदादांची गाठ नव्हं. त्यांच्या गाठीचं टोक सुटं असतंय. ही दुसऱ्या कुणाची तरी हाय."

पण ऋजुता घाबरलेली होती, आणि घाबरलेल्या माणसाला समोरचाच दिसतो. काळुराम वरच्या पाड्यातला, साठीचा, संस्थेचा राखणदार. दोर त्यानेच बांधलेला. "काळुराम, पाड्याजवळून वाट नको, असं तुम्हीच म्हणत होता ना? मग हलवलात?"

काळुरामने गाठ बघितली. तोही कधीकाळी त्याच मिठागरात गोण्या बांधायला होता. त्याने एकदाच मान वर करून दगडाकडे बघितलं, ठमाबाईकडे, आणि परत खाली घातली. "मी नाय हलवला," एवढंच म्हणाला. नाव घेतलं नाही.

घेतलं असतं तर बरं झालं असतं. ती कचाकचा भांडली असती, "तुजाच डाव हाय" म्हणाली असती. ते तिला जमतं. पण तो गप्प राहिला, आणि ठमाबाईला बसवेना. ती खाली आली.

"कालुराम नाय. दोर मी हलवला. तिथं माजी शेवलं हायेत."

उभ्या जन्मात कुणाला न सांगितलेली जागा तिने दहा माणसांसमोर बोट करून दाखवली. ऋजुता म्हणाली, "एवढंच होतं काकी? सांगायचं ना. पलीकडून नेला असता."

ठमाबाई ओक्साबोक्शी रडली. राघो गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. मालनच्या पायाशी बसून म्हणाली, "बाय, मना म्हाईत नव्हता गं." मालन तिला वाईट बोलली नाही. "असू दे मावशी," म्हणाली, पण हात पुढे केला नाही.

दीड महिन्याने मालन परत आली. दोर आता पलीकडून गेलेला, गाठी सगळ्या काळुरामने नव्याने बांधलेल्या. ठमाबाई मुद्दाम आलेली. "मी धरते हात," ती म्हणाली. मालन म्हणाली, "नको."

ती दोराला लागली. दोन पावलं जाऊन थांबली. पहिली गाठ चिमटीत धरून उलटसुलट चाचपली.

"दादा, ही तुम्हीच बांधली ना?"

"मीच, ताई."

"नक्की?"

"नक्की."

मग तिने पाय आधी पुढे सरकवून जमीन तपासली आणि एक पाऊल टाकलं. पुढच्या गाठीशी पुन्हा तेच. पुन्हा विचारणं, पुन्हा पायाने चाचपणं. मागून येणारी माणसं खोळंबली, पण कुणी काही बोललं नाही. ठमाबाई शेवटी चालत होती. त्या बाईचं ते थांबणं तिने नीट ओळखलं. गेली चाळीस वर्षं ती स्वतः तशीच चालत आली होती.