रहाडीवर डकवलेलं चित्र

रंगपंचमीला "आम्ही सगळे एकाच रंगातले" असं कोणी म्हणालं, की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

एकोणीसशे तीस सालानंतरची गोष्ट. नाशकात तेव्हा मी लाकडी ठसे कोरून लोकांची टर उडवणारी चित्रं छापायचो. ठशाला शाई लावायला आणि दाब द्यायला माझा दोस्त असायचा. आमच्या गल्लीत रहाड होती. रहाड म्हणजे भर रस्त्यातला दगडी हौद. वर्षभर बुजवलेला, पंचमीला उघडून रंगाने भरायचा. त्यात धाडकन उडी घ्यायची, तिला म्हणायचं धप्पा. अख्खी गल्ली धप्पे मारायची. दोस्ताच्या जातीला मात्र काठावरही उभं करत नसत.

"एक धप्पा मारायचाय रे," तो म्हणायचा. "पाणीच तर हाय."

मग मी चित्र कोरलं. रहाडीचे पुढारी, सुटलेलं पोट, छातीपर्यंत रंगात, हातात पिठाची चाळण. माणसं चाळून चाळून रंगात सोडताहेत आणि वर उरलेल्या एकाला कोंड्यासारखं बाहेर फेकताहेत.

"त्या फेकलेल्याला माझंच तोंड दे," दोस्त म्हणाला. "बघून तरी लाजतील. औंदा मी जाणारच."

लाजतात कसले! चित्र हातोहात खपलं. पुढारी स्वतः आले, खदाखदा हसले. "पोट जरा जास्तच काढलंस लेका, बाकी झकास!" म्हणत दोन प्रती घेऊन गेले. निर्लज्जम् सदासुखी!

पंचमीला आम्ही दोघे गेलो, तर रहाडीच्या तोंडाशी खांबावर माझंच चित्र खळीने डकवलेलं. खाली पुढाऱ्यांचा माणूस काठी घेऊन उभा. "नीट बघून घ्या," तो येणाऱ्यांना सांगत होता. "इथं चाळूनच घेतात. मागाहून तक्रार नको." मी हासडलेल्या शिवीची त्या हलकटांनी नियमाची पाटी केली होती.

काठीवाल्याने दोस्ताकडे पाहिलं, मग चित्राकडे. "अरे, हाच की तो!" काठी आडवी आली. गर्दी हसायला लागली.

मी चित्र टराटरा फाडलं. पुढाऱ्यांचा भर गर्दीत बाप काढला. तरी ते हसतच होते. "पंचमीला राग धरायचा नसतो रे," म्हणाले आणि त्यांच्या चौघांनी मला उचलून रहाडीत फेकलं.

नाकातोंडात रंग गेला. वर आलो तेव्हा दोस्त काठीपलीकडे उभा होता, सदरा पांढराशुभ्र.

"तोंड लय हुबेहूब काढलंस," तो म्हणाला. "लगेच वळखलं त्यांनी."

आणि घरी निघून गेला.